पद्मिनीच्या पुढच्या स्प्रिंगा : दोन बोटांचा हिशेब

अण्णांना टेप लागत नाही. पुढच्या टायरच्या माथ्यावर आडवा पंजा ठेवायचा आणि मडगार्डच्या कडेखाली किती बोटं जातात ते बघायचं, एवढंच त्यांचं मोजमाप. दिवाळीत गाडी धुताना म्हणाले, "चार बोटं जायची रे, आता उजवीकडं दोनच जातेत." टेप लावला तर उजवी बाजू डावीपेक्षा 34 मिलिमीटर खाली. दोन बोटं म्हणजे बरोबर तेवढीच.

गाडी 1988 ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, स्टिअरिंगखालचा गियर. पुढं कॉइल स्प्रिंग, मागं पाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. वीसेक वर्षं अण्णांनी ती अंबाजोगाई ते शेत अशी चालवली, बहुतेक एकट्यानं. म्हणजे सगळा भार ड्रायव्हरच्या अंगाला. तरी स्प्रिंगवर आळ घेण्याआधी एक खात्री केली. पुढच्या चाकांना दगडं लावली आणि मागं डिफरन्शियलखाली, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याखाली, मधोमध एकच जॅक देऊन दोन्ही चाकं उचलली. अशानं अ‍ॅक्सल जॅकवर मोकळा डुलतो आणि मागच्या पाट्यांचं म्हणणं बाद होतं. गाडी तरीही उजवीकडंच कललेली. म्हणजे दोष पुढचाच.

गॅरेजचे उस्ताद म्हणाले, "स्प्रिंग नरम पडली, हेवी ड्यूटी टाका." मलाही ते पटलं, कारण लहानपणापासून हेच ऐकत आलोय. लातूरहून जोडी आणली. दुकानदार म्हणाला, डिझेल पद्मिनीच्या आहेत, मजबूत. एका रविवारी बसवल्या. नाक असं वर की सहा बोटं जाऊन वर फट उरली. आणि चालवल्यावर तर विचारू नका. आपल्याकडच्या काळ्या मातीवरचे रस्ते तुम्हाला माहीत आहेतच, पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. त्या लाटांवर गाडी पोहायच्या ऐवजी उड्या मारायला लागली. घाटनांदूरच्या रस्त्यावर अण्णांनी एक हात डॅशबोर्डवर ठेवला तो घरी येईपर्यंत काढला नाही. बोलले मात्र काही नाहीत.

उस्तादांचा उपाय तयार होता : गॅसनं एक वेढा कापू, बसेल खाली. तिथं मी थांबलो. कटरवर पाणी टाकून म्हटलं, आधी मोजू.

हेच आधी करायला हवं होतं. जुन्या दोन्ही स्प्रिंगा घरी आणल्या. मोकळी लांबी, म्हणजे वजन नसतानाची, डावीची 312 मिलिमीटर, उजवीची 295. तारेची जाडी व्हर्नियरनं 13.6 आली, पण वर रंगाचे आणि डांबराचे थर. पॉलिश पेपरनं घासून चकचकीत पोलाद दिसल्यावर मोजली तर नेमकी 13.0. हे सहा दशांश किरकोळ नाहीत. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, वेढ्याच्या सरासरी व्यासाच्या तिसऱ्या घातानं कमी होतो, आणि काम करणारे वेढे जितके जास्त तितका तो घटतो. रंगासकट मोजून हिशेब केला असता तर वीस टक्के चूक पदरात. तुम्ही मोजाल तेव्हा रंग खरवडाच.

हिशेबावर भागवायचं नव्हतं, म्हणून मामांच्या आडत दुकानातला 300 किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा उचलून आणला. (सोयाबीनची आवक कमी झाली होती म्हणून मिळाला. पोत्यांच्या रांगेत मागितला असता तर मामांनी मलाच तोलला असता.) उस्तादांच्या बेअरिंग काढायच्या प्रेसखाली काटा, त्यावर लोखंडी प्लेट, प्लेटवर स्प्रिंग. 25 मिलिमीटर दाबली की आकडा वाचायचा, मग 50 ला. बसलेली उजवी : 103 आणि 206 किलो. डावी : 104 आणि 207. मी दोनदा केलं, उस्तादांनी स्वतः तिसऱ्यांदा केलं.

बसलेली स्प्रिंग नरम झालेलीच नव्हती. मिलिमीटरला चार किलोच्या थोडं वर, दोन्हीही सारख्याच. पोलादाचा लवचीकपणा वयानं बदलत नाही. वर्षानुवर्षं वजनाखाली राहून स्प्रिंग आखडते, एवढंच. सतरा मिलिमीटर आखडली होती. आता हे 17 आणि अण्णांच्या बोटांचे 34 कसे जुळतात? माझ्या गाडीच्या आर्मवर, म्हणजे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर, टेप धरला तर स्प्रिंगची बैठक आतला पिन ते चाक या अंतराच्या जवळपास निम्म्यावर. त्यामुळे स्प्रिंगपाशी एक मिलिमीटर तो चाकापाशी दोन. ताठपणाला मात्र हे प्रमाण दोनदा लागतं, निम्म्याचं निम्मं, म्हणजे चाकापाशी मिलिमीटरला जेमतेम एक किलो. पद्मिनीची ती पालखीसारखी चाल इथून येते.

मग लातूरची नवी स्प्रिंग काट्यावर ठेवली. 25 ला 138, आणि 50 ला 277. तार 14 मिलिमीटर. एक मिलिमीटर जाडी वाढली आणि ताठपणा एक तृतीयांशानं वर गेला. त्यात वेढा कापला असता तर सातातले सहा उरले असते आणि ती मूळच्या दीडपटीहून ताठ झाली असती. शिवाय गॅसची ज्योत लागलेल्या जागी पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून दिलेला कडकपणा, उतरतं ते वेगळंच. उस्ताद काट्याकडे बघत म्हणाले, "मग इतकी वर्षं आम्ही काय कापत होतो?" त्यावर मी चहा मागवला.

वेढ्यांच्या मधे रबराचे गुटके कोंबायचा सल्लाही दोघांनी दिला. तो मी ऐकून घेतला.

आता हवी होती तीच स्प्रिंग, फक्त न आखडलेली. कुर्ल्याच्या बाजारात माणूस पाठवून पाहिला. जिथं ही गाडी बनायची तिथंच तिचे सुटे भाग सापडावेत हे ओघानंच आलं. पण ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळं बाद झाली, आणि तिथं मिळतात त्या बहुतेक टॅक्सीतून उतरवलेल्या. म्हणजे माझ्या उजवीपेक्षाही जास्त बसलेल्या. जालन्याचं लोखंड डोक्यात आलं होतं, पण तिथल्या गिरण्या बांधकामाची सळई बनवतात. तिला वाकवलं की ती वाकलेलीच राहते, आणि स्प्रिंगला नेमका तोच गुण नको असतो.

शेवटी वाळूजला एक स्प्रिंग वळून देणारा सापडला. कागदावर लिहून दिलं : क्रोम व्हॅनेडियम तार 13.0, व्यास आणि वेढे जुन्याप्रमाणे, टोकं घासून सपाट, मोकळी लांबी 318. डावी 312 असताना 318 का? कारण डावीही छत्तीस वर्षांची आहे, तीही थोडी आखडली असणारच. सहा मिलिमीटर म्हणजे चाकापाशी बारा. यापेक्षा जास्त मागायला हात धजला नाही. आणि एक अट : पाणी दिल्यावर प्रत्येक स्प्रिंग वेढ्याला वेढा टेकेपर्यंत चार-पाच वेळा दाबून मगच लांबी मोजायची. जी काही पहिली बसण आहे ती कारखान्यातच होऊन जाऊ दे. ही अट ऐकल्यावर तो माणूस पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलायला लागला.

पंधरा दिवसांनी जोडी आली. 318 आणि 317. काट्यावर 50 ला 205 आणि 206. बसवताना स्प्रिंगमधून साखळी ओवून चॅसिसला बांधली आणि आर्म जॅकवर इंचाइंचानं उचलला. दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती माणूस ओळखत नाही.

अण्णांनी गाडी उतरवल्या उतरवल्या पंजा घातला. "साडेचार," म्हणाले, डावीकडंही साडेचार. घाटनांदूरच्या त्याच रस्त्यावर या वेळी हात मांडीवर होता.

सहाशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजलं. उजवी चार मिलिमीटर उतरली, डावी तीन. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची जी दैना केली आहे त्यात हे मला चालेल. लातूरची जोडी गोठ्यात पडून आहे. कुणाकडे डिझेल गाडी असेल तर घेऊन जा, आधी मोजून.

पुढचं काम मागचं. एका मित्रानं टॅक्सीचे पाटे दिलेत, त्यात एक पाटा जास्तीचा घातलेला आहे, गॅसच्या टाकीसाठी घातला असावा. तो काढणार. पाटे सुटे करून गंज खरवडायचा, ग्रीस द्यायचं, शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे, रबरी बुश नवे. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलंच राहतं. डिकीत पन्नास किलोचे चार कट्टे टाकून पाटे किती लवतात ते मोजायचा विचार आहे. कट्टे मामांकडूनच आणायचेत, आणि काटा अजून परत केलेला नाही.