रिप व्ही१ची क्लासगिरी: तीन राउटरांच्या लॅबचा पुढचा हप्ता

आली एकदाची! ‘राजगड’ नावाच्या राउटरवरून ‘तोरणा’ राउटरला पिंग मारला (चाचणीची पाच पॅकेटं पाठवली) आणि पाचही उद्गारचिन्हं सलग उमटली, म्हणजे पाचांनाही उत्तर आलं. मागच्या अपडेटपासून घोडं इथेच अडलं होतं.

मांडणी तीच. तीन सिस्को २५०१ राउटर, मध्ये राजगड, टोकांना तोरणा आणि सिंहगड. तोरण्याच्या इथरनेटवर १०.१.१.०, सिंहगडाच्या १०.१.३.०, दोन्हीकडे मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. सिरीयल लिंकना १९२.१६८.१२.० आणि १९२.१६८.२३.०. राउटिंग रिप (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायचा जुना प्रोटोकॉल), तेही व्हर्जन १, कारण १९९३ साली सायडर (क्लास म्हणजे ठरीव आकाराचे गट सोडून मास्कने पत्ते वाटायची पद्धत) येण्याआधीचं जग चालवून बघायचं हाच या लॅबचा हट्ट.

तर राजगडावरून १०.१.१.१ ला पिंग मारला की यायचं: !यू!.! म्हणजे साठ टक्के (यू म्हणजे ‘अनरीचेबल’, पोहोचता येत नाही; टिंब म्हणजे उत्तरच नाही). लिंक पूर्ण बंद असती तर परवडलं असतं, हे अर्धवट चालणं फार छळतं. पहिला संशय अर्थातच डीसीई केबलवर (सिरीयल लिंकला क्लॉक पुरवणाऱ्या टोकाची). ‘टेस्टेड आहे साहेब’ म्हणून गळ्यात मारलेल्या सेकंडहँड केबलवर माझा आता काडीचा विश्वास नाही. केबल बदलली, क्लॉक रेट ६४००० वर आणला, फरक शून्य. पण लिंकवरच्या १९२.१६८.१२.१ ला मात्र पाचपैकी पाच! म्हणजे केबल निर्दोष.

मग राउटिंग टेबल उघडलं. १०.०.०.०/८ कडे (म्हणजे १० ने सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांकडे) जायला दोन वाटा, एक तोरण्याकडून, एक सिंहगडाकडून, दोन्हींचं मेट्रिक (वाटेतल्या टप्प्यांची संख्या) १. चोर सापडला.

रिप व्ही१च्या पॅकेटात मास्कला जागाच नाही. ऐकणाऱ्या राउटरने पत्त्याचे सुरुवातीचे बिट बघायचे: पहिला ० असेल तर क्लास ए, १० असेल तर बी, ११० असेल तर सी. आपल्या १० ची बायनरी ००००१०१०, म्हणजे क्लास ए. बोलणाराही त्याच चौकटीत बोलतो. १०.१.१.० ची खबर १९२.१६८ च्या लिंकवरून द्यायची वेळ आली की तोरणा सबनेट गाळून सरळ सांगतो, ‘१०.०.०.० माझ्याकडे.’ एका इथरनेटच्या जिवावर १ कोटी ६७ लाख पत्त्यांवर दावा! सिंहगडही तेच सांगतो. राजगड दोघांवर विश्वास ठेवतो आणि एक पॅकेट इकडे, एक तिकडे पाठवतो.

‘यू’नंतर टिंब का, हे कळलं तेव्हा तर मजाच आली. चुकून आलेल्या पॅकेटला सिंहगड ‘अनरीचेबल’ कळवतो, पण आयओएस (सिस्को राउटरची प्रणाली) अशी उत्तरं अर्ध्या सेकंदाला एकच सोडतं. दुसरं गिळलं जातं आणि राजगड टाइमआउटपर्यंत ताटकळतो.

इलाज सगळ्यांना माहीत आहे: तिन्हीकडे व्हर्जन २ आणि नो ऑटो-समरी (सबनेट आपोआप गाळणं बंद). तेच केलं, वरची पाच उद्गारचिन्हं त्याचीच.

इथवर लिहून जेवायला उठलो आणि ताटावरच वाटलं, ही तर पळवाट झाली. व्ही२ मास्क सोबत नेतं, मग जुन्या काळाची मजा कुठली? म्हणून सगळं परत व्ही१वर नेलं आणि सिरीयल लिंकच १० च्या घरात घेतल्या: १०.१.१२.० आणि १०.१.२३.०, मास्क सगळीकडे तोच. १० आणि १९२.१६८ मधली सीमाच उरली नाही, तेव्हा गाळणीही उरली नाही. तोरण्याच्या टेबलात १०.१.३.० मेट्रिक २ ने हजर! फक्त दोन टोकांच्या लिंकला २५४ पत्ते वाहावे लागतात. तिथे /३० (चारच पत्त्यांचा मास्क) लावून काटकसर करायला जाल तर मास्क जुळत नाही म्हणून व्ही१ इथरनेटची सबनेटं त्या लिंकवर सांगतच नाही. १९८०च्या दशकात पत्ते कसे उधळले जात, ते असं हाताने केल्यावर पटतं.

आणि क्लास मेले म्हणणाऱ्यांनी एवढं करावं. राउटरवर ‘नेटवर्क १०.१.१.०’ टाइप करून रनिंग कॉन्फिग बघा, तिथे १०.०.०.० झालेलं असेल. विंडोजच्या आयपीच्या चौकटीत १० ने सुरू होणारा पत्ता टाकून टॅब मारा, २५५.०.०.० आपोआप भरलं जातं.

पुढचा हप्ता ओएसपीएफचा (दुसऱ्या एका राउटिंग प्रोटोकॉलचा) ठरला होता, तो लांबणीवर. आता खाज क्लास ईची, म्हणजे राखीव ठेवलेल्या पत्त्यांची आहे. २४०च्या पुढचे पत्ते लिनक्स २००८ पासून स्वीकारतं, तेव्हा दोन लिनक्स मशीनमध्ये २४०.०.०.१ आणि २४०.०.०.२ बोलतात का बघतो. दरम्यान कुणाकडे जादा एयूआय ट्रान्सीव्हर (राउटरचं इथरनेट पोर्ट केबलला जोडणारं डबडं) पडून असेल तर सांगा, सिंहगडाच्या ट्रान्सीव्हरचा दिवा अधूनमधून विझतोय.