तारले, जवस आणि शेराची खाज

रात्री फरशीवर ठक ठक ठक असा आवाज आला की मी डोळे न उघडताच ओळखते, आमच्या कुत्र्याचा, शेराचा, मागचा पाय बगलेकडे गेला. गेल्या पावसाळ्यात आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात तो आवाज रात्रीतून चार-पाच वेळा यायचा. पंजे चाटून चाटून बोटांमधले पांढरे केस तांबूस झाले होते, पोट लालबुंद, आणि कानांना आंबूस वास. शेरा गावठी, 16 किलोचा, सहा वर्षांचा.

डॉक्टरांनी आधी गोचिडी, पिसवा, खरूज बघितली. कातडी खरवडून काचेवर घेतली, तिच्यात बुरशी निघाली. शाम्पूने ती गेली, तरी खाज राहिलीच, मग अ‍ॅलर्जी ठरली आणि स्टेरॉइडची गोळी सुरू झाली. गोळीने खाज थांबे, पण शेरा भांडंभर पाणी पिऊन रात्री दोनदा बाहेर न्यायला लावी आणि सारखा भुकेला असे. त्याचं ते कासावीस होणं बघवत नव्हतं.

सासूबाई खोबरेल चोळायच्या. प्रेमाने चोळायच्या, पण शेरा पाच मिनिटांत सगळं चाटून टाकी. मी त्याच्या भातावर जवसाचं तेल घालायला लागले. जवसात ओमेगा-3 ही चांगली चरबी असते ना! दोन महिने घातलं. फरक शून्य.

कारण नंतर कळलं. जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या जातीचं. कुत्र्याचं शरीर त्यातून ईपीए नावाचं ओमेगा-3 फारच थोडं बनवतं, आणि खाजेवर काम करतं ते ईपीए, जे मासळीत तयारच असतं. ते पेशींच्या आवरणात जाऊन बसतं आणि दाह पेटवणाऱ्या चरबीची जागा थोडी थोडी घेतं. आवरण बदलायला वेळ लागतो, म्हणून आठ ते बारा आठवडे धीर धरायचा. ओमेगा-6 या दुसऱ्या चरबीतलं लिनोलेइक आम्ल कातडीची भिंत शाबूत ठेवायला लागतंच, पण ते त्याला कोंबडीच्या चरबीतून मिळत होतं.

मग मासळीच्या तेलाच्या गोळ्या आणल्या, तिथे माझी दुसरी चूक मापाची. डबीवर 1000 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते मासळीच्या तेलाचं वजन. साध्या गोळीत ईपीए 180 आणि डीएचए (मासळीतलंच दुसरं ओमेगा-3) 120, म्हणजे कामाचं मिळून 300 मिलिग्रॅम. शेराच्या वजनाला डॉक्टरांनी दिवसाला सुमारे 1000 सांगितलं, म्हणजे तीन गोळ्या, आणि तेही एका गोळीपासून हळूहळू वाढवत, नाहीतर पोट बिघडतं. कॉड लिव्हर ऑइल मात्र नको म्हणाले, त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व जास्त झालं तर अंगावर येतं.

सप्टेंबरपासून आठवड्यातून दोनदा तारलेही (सार्डिन मासे) देते, त्या दिवशी गोळ्या कमी. डोकं आणि आतडी काढून, मीठमसाला न घालता नुसते उकडायचे. पातेल्यावर पिवळ्या तेलाचे गोल थेंब तरंगतात, ते पाणी भातातच ओतते. थंड झाल्यावर बोटांनी चाचपून मधला काटा काढते. आमच्या जेवणातलं हुमण (माशांची आमटी) मात्र त्याला अजिबात नाही, कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा. सुकी खारी मासळीही नाही, मिठामुळे.

रोज रात्री किती वेळा खाजवलं ते मी कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहायची. पहिले सहा आठवडे आकडे तसेच, पाच, चार, पाच. माझा धीर सुटत आला होता. दहाव्या आठवड्यात दोन, मग एक. डॉक्टरांनी स्टेरॉइडची गोळी निम्म्यावर आणली. बंद नाही झाली, मासळीने अ‍ॅलर्जी जात नाही. पण पाण्याचं भांडं आता सकाळपर्यंत पुरतं.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंदी, नेमकी दमट हवेची, खाजेची वेळ. म्हणून या महिन्यात गोळ्यांची नवी डबी आणली आहे. उघडल्यावर एक गोळी टोचून वास घेतला. ताज्या मासळीचा होता, खवट नव्हता. शेरा शेजारी बसून नाक वर करून बघत होता, ती गोळी त्यालाच दिली.