पेन

सोमवार

आज चौथ्यांदा ऐकलं, "हाड छान जुळलंय."

डाव्या हाताने लिहितेय, त्यामुळे अक्षर पहिलीतल्या पोरासारखं उतरतंय. इतकी वर्षं मुलांना "अक्षर मोत्यासारखं हवं" म्हणून टोकलं, त्याची फेड असावी.

नंबर ४१ होता. साडेनऊपासून बसले. अकराला टाय लावलेले औषध कंपन्यांचे दोन एमआर बॅगा सांभाळत मधूनच आत गेले, मागून तिसरा. माझी पाळी सव्वाबाराला आली आणि तीन मिनिटांत संपली. डॉक्टरांनी पाकिटातून एक्स-रे काढला, उजेडावर धरला आणि खूश झाले. खरंच खूश झाले, सुतार आपण बसवलेली चौकट लांबून बघतो तसे. हात मी त्यांच्यासमोर टेबलावरच ठेवला होता. त्याच्याकडे नजरही गेली नाही.

"भगभगतं हो डॉक्टर. रात्री तर..."

"दहापैकी किती?"

पहिल्या वेळी मी आठ सांगितले होते. त्यावर म्हणाले, "आठ असते तर तुम्ही अशा बसून बोलला नसता, मॅडम." पुढच्या वेळी नाटकी वाटायला नको म्हणून सहा सांगितले. "बघा, उतरलं की!" आज वाद नको म्हणून सात म्हणाले. तिन्ही वेळा दुखत होतं तितकंच.

केसपेपरवर लिहिलं, पेन, आणि पुढे अधिकचं चिन्ह. कॅल्शियम चालू, जेल चालू. व्यायाम करा, टेन्शन घेऊ नका, या वयात बायकांना होतं असं.

पेन प्लस. आणि मला आषाढापासून पेन धरता येत नाही.

बुधवार

आषाढ सरता सरता अंगणातल्या शेवाळावरून पाय सटकला आणि उजवा तळहात टेकवून पडले. मनगटाशी मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, ते निघालं गणपतीच्या दोन दिवस आधी. आतून जो हात बाहेर आला तो माझा वाटेना. सुजलेला, लालसर निळा, वांग्यासारखा चकचकीत. होईल हळूहळू, असं सगळेच म्हणाले. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं.

आज मधल्या सुट्टीत बसल्या बसल्या दुखण्याचे शब्द मोजत होते. मराठी शिकवते, ती खोड जात नाही. दाढेचा ठणका. गळवाची ठसठस. पोटातली कळ. पाठीत भरलेली उसण, कमरेतली चमक, खरचटल्यावरची चुरचुर, मिरच्या चिरल्यावर बोटांची भगभग. वर्गात समानार्थी शब्दांचा तक्ता माझ्याच हातचा टांगलाय, पण यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसवून दाखवावा कुणी. "उसण भरलीय" म्हणणाऱ्या बाईला कुठे, कसं आणि कशाने झालंय हे न बघता कळतं.

माझ्या हाताला मिरचीची भगभग आहे, तीही आतून. वर पदराचा काठ किंवा पंख्याचा वारा लागला की सणक कोपरापर्यंत जाते. सासूबाईंनी आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप केला होता. त्यांचं पहिलं बोट टेकलं आणि मी किंचाळले. बिचाऱ्या वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तेव्हापासून घरात कुणी माझ्या उजव्या बाजूने चालत नाही.

फळ्यावर सातवीतली एक मुलगी लिहिते. मी सांगते, ती लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ चुकवते, पण फळा सरळ ठेवते.

शुक्रवार

मेणाचा शेक घ्यायला डॉक्टरांनी तळघरातल्या फिजिओथेरपीत पाठवलं. तिथली मुलगी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली असावी. तिने आधी विचारलं, "मॅडम, हात लावू का?" चार महिन्यांत हे विचारणारी ती पहिली.

दोन्ही हात टॉवेलवर शेजारी शेजारी ठेवायला लावले. बराच वेळ नुसतं बघितलं. मग मलाच म्हणाली, उजव्या हाताची नखं जास्त वाढलीत का? घाम याच हाताला येतो का? दुसऱ्यापेक्षा गरम लागतो? चादर सहन होते? कापसाचा बोळा मनगटावरून फिरवला, मी हात ओढून घेतला. ती मान हलवत राहिली आणि मला रडू आलं. तिला वाटलं कापसाने.

मेणाचा शेक दिलाच नाही. चिठ्ठीवर लिहून दिलं, सीआरपीएस, कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम. "पुण्यात पेन क्लिनिक असतात, तिथे दाखवा." आणि दाराकडे बघत हळूच, "सरांना माझं नाव नका सांगू."

नाही सांगितलं. वर जाऊन डॉक्टरांना एवढंच विचारलं, की असं काही असू शकतं का. "गूगल बंद करा," म्हणाले. राग आला, पण त्या मुलीच्या नोकरीपुढे माझा राग गिळला.

घरी सासूबाईंनी विचारलं, "पेनाचा दवाखाना? म्हणजे शाईचे?" हे हसले, मीही हसले.

रविवार

गूगल बंद केलं नाही.

माझं जे मोडलं त्याला कोलीस फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनच्या अब्राहम कोलीस या सर्जनने त्याचं वर्णन १८१४ साली छापलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे त्या माणसाने हे हाड कुठे मोडतं आणि कसं सरकतं, ते मनगट बघून, चाचपून ओळखलं. हे वाचल्यावर मी पुस्तकासारखा फोन पालथा घातला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

दुसरं अमेरिकेतलं. तिथल्या यादवी युद्धात, १८६० च्या दशकात, सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरने गोळी लागलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवल्या. जखम भरली तरी हात जळतोय म्हणायचे. काही जण हात सतत ओल्या फडक्यात ठेवायचे. काही तर चालताना बूट घासला तरी हात दुखतो म्हणून बुटात पाणी ओतायचे. त्याने या दुखण्याला ग्रीक शब्दांवरून नाव दिलं, कॉझाल्जिया, म्हणजे जळती वेदना. भगभगच की! त्यांच्या नसांना गोळी लागली होती, माझं तसं काही नाही, हे समजतं मला. पण गेले दोन महिने मी रात्री हातावर ओलं फडकं ठेवून झोपतेय, या थंडीतसुद्धा, आणि हे वेड फक्त माझंच आहे असं समजत होते.

आताचं लांबलचक नाव १९९४ पासूनचं. ते ठरवणारी एकच अशी कुठली तपासणी नाही. रंग, सूज, घाम, तापमान, हालचाल, स्पर्श, हे बघायचं आणि रुग्णाला विचारायचं. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर होतं, बायकांत जास्त, पन्नाशी-साठीत जास्त. तेव्हा "या वयात बायकांना होतं असं" हे डॉक्टरांचं वाक्य शब्दशः बरोबर निघालं.

गुरुवार

पुण्याला जाऊन आलो. पहाटेची एसटी, खिडकीकडे डावी बाजू करून.

हे डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञ. फार गोड बोलणारे वगैरे नाहीत, मधे दोनदा फोन घेतला. पण एक्स-रेचं पाकीट बाजूला सारून "हात दाखवा" म्हणाले. कसं दुखतं विचारल्यावर मी जरा भीत भीत "भगभगतं" म्हटलं, तर म्हणाले, "मिरचीसारखं की चटका बसल्यासारखं?" मिरचीसारखं. लिहून घेतलं. काय लिहिलं ते डोकावून बघितलं, इंग्रजीत होतं, पण दोन ओळी होत्या.

लवकर आला असता तर बरं झालं असतं, असंही म्हणाले. मी कोणाचं नाव घेतलं नाही. पूर्ण जाईलच असं सांगत नाही, हेही स्पष्ट बोलले. नसांसाठीची गोळी दिलीय, तिने दिवसभर पेंग येते. हात वापरायचा, जपून बाजूला ठेवायचा नाही. आणि आरसा.

आरसा दोन्ही हातांच्या मधे उभा करायचा, उजवा हात मागे लपवायचा, डावा हलवत आरशात बघायचं. कापून टाकलेल्या हाताच्या वेदनेसाठी हा उपाय मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात वापरला, मग तो अशा दुखण्यातही आला. मेंदूला जरा फसवायचं, दुसरं काय.

शनिवार

कपाटाच्या दाराचा जुना आरसा ह्यांनी काढून दिला. सासूबाई समोर पाटावर बसल्या, बघायला. डावी मूठ मिटली, आरशातली उजवी मिटली. न सुजलेली, चकचक नसलेली. मागचा खरा हात हललाही नव्हता, तरी आतून दुखला. डॉक्टरांनी हे होईल म्हणून आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाबरले नाही.

दहा मिनिटांनी डाव्या हातात पेन घेऊन "ग" काढला. आरशात तो उलटा दिसला.

"चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा काढ."