चिखलदऱ्याला मे महिन्यात निघाला असाल तर

परतवाडेवालीवर माझा अजून राग आहे. तो ओसरायच्या आत लिहून टाकते, नाहीतर मीही इतरांसारखी "मस्त झाली ट्रिप" म्हणून मोकळी होईन.

आधी हे वाली-वाली प्रकरण. अकोल्याच्या होस्टेलात आम्ही एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायचो आणि पन्नाशी उलटली तरी तेच चालू आहे. एक मेहकरवाली, एक अंजनगाववाली, एक परतवाडेवाली. मी पुण्याला राहायला गेल्यापासून पुणेवाली, आणि हे नाव त्या जरा ओठ मुडपूनच घेतात. यंदा ठरवलं, मे महिन्यात तिघींकडे जायचं, वाटेत जे बघण्यासारखं आहे ते बघायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून चिखलदरा. परतवाडेवाली फोनवर म्हणाली होती, "खाली पंचेचाळीस राह्यते, अन् वरती शाल घ्या लागते वं. ये तं खरं, भीमकुंडात पाय सोडून बसू." मी शाल घेतली.

पहिले चार दिवस सुखाचे गेले, त्यामुळे लवकर आटोपते. जालन्याहून एस्टीने मेहकर. वाटेत सिंदखेडराजाला उतरून लखुजी जाधवांचा वाडा, म्हणजे जिजाऊंचं जन्मस्थान पाहिलं. लोणारला संध्याकाळी काठावर उभं राहून सरोवर पाहिलं आणि दैत्यसूदनाच्या देवळात बसलो. कुणी गुलाबी पाणी बघायला जाणार असेल तर जाऊ नका. तो रंग 2020 च्या जूनमधला होता. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि खारात जगणारे सूक्ष्मजीव माजले, म्हणून झालेला. आम्हाला पाणी हिरवंच दिसलं. शेगावला दर्शन, कचोरी, पुढची गाडी. बायकांना एस्टीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा खासगी गाडी करायच्या आधी विचार करा.

अंजनगाव सुर्जीबद्दल मात्र दोन ओळी जास्त लिहिणार, कारण पुढच्या फसवणुकीशी त्याचा संबंध आहे. अंजनगाववालीच्या सासरचा पानमळा आहे. विड्याची पानं आणि पानपिंपळी. बाहेर दुपारी तीनला रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं आणि मळ्यात पाऊल टाकलं तर अंगावर गारवा. वेल चढवायला लावलेली झाडं दाट, चहूबाजूंनी आडोसा, खाली सतत ओल. खाट टाकून दोन तास झोपलो. अख्ख्या प्रवासातली सगळ्यात थंड दुपार ती. ती सपाटीवर मिळाली, फुकट, आणि हे चिखलदऱ्याला पोचल्यावरच कळलं.

आता चिखलदरा. परतवाड्याहून दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढीवरून, दुसरी घटांगवरून. आम्ही धामणगाववरून गेलो. घाट चढताना खिडकीतून येणारा वारा काही केल्या गार होईना. "वरती होईन नं," परतवाडेवाली. वर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि ऊन अकोल्याचंच होतं. फरक एवढाच की डोंगरावर कूलर कमी आणि खोलीचं भाडं जास्त. चिखलदरा साधारण 1,100 मीटरवर आहे, थंडावा असतोच, पण मे महिन्यात तो सूर्य बुडाल्यावर येतो आणि उजाडल्यावर जातो. मधले तेरा तास तुम्ही काय करणार, हे घरून ठरवून निघा.

भीमकुंड कोरडं. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं आणि या कुंडात हात धुतले, अशी इथली कथा आहे. मे महिन्यात मारलं असतं तर त्याला हात धोतराला पुसावे लागले असते. इथले धबधबे पावसाळी आहेत. फलकावरचे फोटो श्रावणातले असतात हे आम्ही विदर्भातल्याच बायका विसरलो, तर तुम्हाला कोण आठवण करून देणार?

मग जीपवाला. स्टँडवरच गाठ पडली. "ताई, अकरा पॉइंट, दोन हजार." घासाघीस करून दीड हजारावर आणला आणि आम्हाला वाटलं जिंकलो. अकरातला एक पॉइंट बंद असलेली बाग, एक चहाची टपरी, दोन पॉइंट म्हणजे एकाच दरीची दोन रेलिंगं. पंचबोलला ओरडलं की पाच वेळा आवाज परत येतो म्हणतात. आमचा तिनदाच आला, बहुतेक बाकीचे दोन वेगळे पैसे मागत असावेत. शेवटी चारशे रुपये "वेटिंग"चे वर घेतले, ज्याचा आधी उच्चारही नव्हता. करायचीच तर पॉइंटांची नावं कागदावर लिहून घ्या, वेटिंग धरून आकडा ठरवा आणि सगळे पैसे शेवटी द्या. त्याहून बरं म्हणजे करूच नका. दोन चांगले पॉइंट निवडा, सकाळी एक, संध्याकाळी एक, पायी.

पण दीड हजारांचं मी विसरेनही. गाविलगडचं नाही.

किल्ला बघायला किती वेळ लागतो, असं मी त्या जीपवाल्याला विचारलं. "अर्धा घंटा, बस." मी मुकाट्याने मान डोलावली, हा माझा मूर्खपणा. आम्ही साडेदहाला आत शिरलो, चौघींत तीन बाटल्या.

सुरुवात छान आहे. दरवाजामागून दरवाजा, कमानीत सावली, वर दगडात कोरलेले सिंह आणि गंडभेरुंड. फोटो काढले. इथून परत फिरला असतात तर अर्धा तास बरोबर होता. पण बाहेरचा कोट आणि आतला किल्ला यांच्यामध्ये जमीन खोल उतरते, आणि आतलं बघायचं तर खाली उतरून पलीकडे चढावं लागतं. उतरताना काही वाटत नाही. पलीकडे चढलो, जुनी मशीद पाहिली, गवतात पडलेल्या गंजक्या तोफा पाहिल्या, तलावांत तळाशी शेवाळी पाणी. गवत वाळून पिवळं, सावली फक्त इमारतींना चिकटलेली. पाणी मशिदीच्या ओट्यावरच संपलं.

परतीला साडेबारा झाले होते. त्या खोलगट भागात वारा पोचत नाही. काळा दगड सकाळपासून तापलेला, वरून ऊन, खालून झळ, आणि समोर तोच चढ, आता दुप्पट वाटणारा. वीस पावलं चालायचं आणि भिंतीला टेकायचं, तर भिंतही पोळते. अंजनगाववाली, जी मळ्यात आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त राबते, ती मध्येच खाली बसली. तिचा घाम थांबला होता आणि ती असंबद्ध बोलायला लागली. खिशातला कांदा काय कामाचा! आम्ही तिला ओढत एका कमानीच्या सावलीत आणलं, दुपट्ट्याने वारा घातला. वणव्यावर नजर ठेवायला नेमलेला एक कोरकू पोरगा तिथे बसला होता. त्याने आपल्या कॅनमधलं पाणी दिलं, तिच्या डोक्यावर ओतलं, मानेवर ओला रुमाल ठेवला. पैसे घेतले नाहीत. "दुपारी कोन येते इथं?" एवढंच म्हणाला, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या कमानीत बसल्या बसल्या परतवाडेवालीने इतिहास सांगायला घेतला, हा तिचा स्वभाव. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी हा गड नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. वेल्सली आणि स्टीव्हन्सनच्या फौजांनी तोफांनी बाहेरचा कोट फोडला, पण आत घुसल्यावर त्यांच्यासमोरही हाच खड्डा आणि पलीकडचा तट, शेवटी शिड्या लावून चढले. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांत भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि 30 डिसेंबरला शिंद्यांचा तह झाला तो अंजनगाववालीच्या सुर्जी अंजनगावात. मी म्हटलं, वेल्सली डिसेंबरात आला होता बाई. मे महिन्यात आला असता तर गड अजून भोसल्यांकडेच असता.

तर गाविलगड असा करा. उजाडताच, गेट कधी उघडतं ते आदल्या संध्याकाळी विचारून. माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं एक मीठसाखरेचं. चांगले तळवे असलेले बूट, कारण गवताखाली सैल दगड आहेत. किल्ला मेळघाटच्या जंगलात आहे, अस्वलं आहेत, एकट्याने आडवाटेला जाऊ नका. नऊ वाजता जिथे असाल तिथून परत फिरा, मशीद राहिली तर राहू द्या. तीन-साडेतीन तास धरा. "अर्धा घंटा" म्हणणाऱ्याला आत घेऊन जा आणि मग विचारा.

मुक्तागिरीही ठरलं होतं, मध्य प्रदेशाच्या हद्दीतली ती 52 जैन मंदिरं, परतवाड्यापासून जवळच. पायऱ्यांचं नाव काढताच अंजनगाववालीने सांगितलं, तुम्ही जा, मी रिक्षात बसते. कुणीच गेलं नाही.

संध्याकाळी अंजनगाववाली सावरली, गवळ्याकडची रबडी दोन वाट्या खाल्ली तिने. रात्री नऊनंतर वारा सुटला. पहाटे चारला मी उठून खरोखर शाल पांघरली आणि गच्चीवर जाऊन बसले. खाली सगळं वऱ्हाड भट्टीसारखं तापून निजलेलं आणि इथे अंगावर काटा. त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, या, जरूर या, मे मध्येच या. सहा वाजेपर्यंत माझं हेच मत होतं.

नाश्त्याला परतवाडेवालीला गाठलं. शाल लागते म्हणाली होतीस.

"मंग लागली नं?" ती म्हणाली. "मी दुपारी लागते म्हनलं होतं का?"