दुसऱ्याच्याच डब्यातला केक

२६ डिसेंबर २०२५, शुक्रवार. भांडुप.

नऊ वाजून गेले तरी घर उठलेलं नाही. हॉलमध्ये चार गाद्या, त्यावर दादाची मुलं आणि धाकटीची लेक, कुठले पाय कुणाचे ते कळत नाही. मी चहा घेऊन ओट्यापाशी उभी आहे आणि समोर भांड्यांच्या ढिगावर तो पत्र्याचा डबा पालथा पडलाय. काल रात्री त्याच्यावरून जे झालं ते आजच लिहून ठेवते. नाहीतर पुढच्या नाताळात दादा पुन्हा काहीतरी नवंच सांगेल.

डबा साधाच. डालड्याचा मोठा डबा आडवा कापून, कडा आत वळवून केलेला. बुडाला खिळ्याने ठोकलेली टिंबं आहेत. बोट फिरवलं की अक्षरं लागतात, एफ, डी, एस. आमच्या घराण्यात सात पिढ्या धुंडाळल्या तरी एफ डी एस कुणी सापडायचा नाही.

आम्ही तेव्हा भायखळ्याला चाळीत राहायचो. घरात स्टोव्ह, ओव्हन कुणाकडेच नाही. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात नानकटाईचं पीठ आणि केकचं मिश्रण घेऊन सगळ्या बायका गल्लीतल्या बेकरीत जायच्या. पाव भाजून झाले की रात्री भट्टीत ऊब उरायची, त्या उबेवर घरगुती ट्रे आणि डबे लागायचे. भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीवरून ते आत सारायचा आणि त्याच फळीने ओढून बाहेर काढायचा. चिठ्ठी लावावी तर जळून जायची. म्हणून प्रत्येक घर आपल्या डब्याच्या बुडाला खिळा आणि हातोडीने अक्षर ठोकायचं. हलकेच, आरपार जाता कामा नये. केक उलटा केला की तेच अक्षर केकच्या पाठीवर खळग्यांनी उमटलेलं दिसायचं. लहानपणी आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर असलेली फोड कुणाच्या वाट्याला येते यावर मारामाऱ्या व्हायच्या.

मी म्हणते तो नाताळ १९८२ चा. दादा म्हणतो ८३. पण दादाला चूक ठरवायला पुरावा आहे, कारण त्या नाताळाच्या आधी बाबा घरी नव्हते आणि ते का नव्हते हे मला पक्कं माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. बाबा चिंचपोकळीच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. महिने गेले, पगार नाही. आजूबाजूचे कितीतरी लोक गावाकडे गेले, कोण कोकणात, कोण घाटावर. बाबाही नगरला काकांच्या शेतावर गेले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. पुढे बाबा म्हातारपणी रिक्षात बसून गिरणीवरून जाताना म्हणायचे, "मी अजून संपावरच आहे." आणि वर आम्हालाच हसायला लावायचे.

तर १९८२. आईने पापड लाटून आणि ब्लाउज शिवून घर ओढलेलं. फराळात फक्त शंकरपाळी आणि चिवडा. (आमच्याकडे नाताळाचा फराळ दिवाळीसारखाच असतो हे ऑफिसात सांगितलं की लोकांना अजून नवल वाटतं. करंजीला धर्म असतो का?) नव्या कपड्यांचा विषयच नव्हता. चांदणी दादाने आणि मी दिवाळीतल्या आकाशकंदिलाच्या कामट्या सोडवून बांधली. खळ पातळ झाली, एक टोक लोंबत राहिलं, आणि आत झिरोचा बल्ब लावल्यावर ती चांदणी कमी आणि लंगडा खेकडा जास्त दिसायला लागली. आईने तरी ती गॅलरीत टांगली.

केकला सहा अंडी. दरवर्षी बारा असायची. काजू नाहीत, मनुका मूठभर, आणि रंग भरीव दिसावा म्हणून जाळलेली साखर भरपूर. आईने मिश्रण डब्यात ओतलं तेव्हा ते अर्ध्या डब्याच्याही वर आलं नाही. ती म्हणाली, "फुगेल." फुगतो केक, पण सहा अंड्यांत किती फुगणार?

२३ तारखेच्या रात्री दादा आणि मी बेकरीत. तो बारा वर्षांचा, मी नऊ. ती रात्र मला आजही वासाने आठवते. लाकडाचा धूर, लोणी, व्हॅनिला, आणि ओल्या पोत्यांचा काहीतरी आंबूस वास. चाळीतल्या बायका, माझगावच्या माथारपाखाडीकडून आलेल्या कॅथलिक बायका, खोजा-बोहरी घरांतली पोरं, सगळे बाकड्यांवर आपापल्या डब्याची वाट बघत. माथारपाखाडीतल्या घरांमध्ये नाताळात गव्हाण मांडायचे, गवत, मेंढ्या, मातीचा जोसेफ, सगळं. आमच्याकडे गव्हाण नसायची, आम्ही प्रॉटेस्टंट. त्याचा मला फार मोठा सल होता, पण तो पुन्हा कधी.

रात्री साडेअकराला डबे निघाले. धक्काबुक्की, आरडाओरडा. दादाने डबा उचलला, टॉवेलात गुंडाळला, आणि आम्ही पळत घरी. डब्याचं बूड बघायचं राहिलं. दादा म्हणतो, ते बघायचं काम माझं होतं. खोटं. अजिबात खोटं.

२४ ला संध्याकाळी बाबा आले. परळ डेपोला एसटीतून उतरून चालत. एका हातात बाजरीची पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला हुरडा आणि काखेत जिवंत कोंबडा. संबंध प्रवास त्यांनी कोंबडा मांडीवर घेऊन केला होता आणि कंडक्टरने त्याचं तिकीट काढायला लावलं की नाही यावर ते दोन्ही उत्तरं देत. कोंबडा गॅलरीच्या कठड्याला बांधला. धाकटी सहा वर्षांची, तिने ताबडतोब त्याला वाटीत पाणी दिलं आणि नाव ठेवलं. नाव लिहीत नाही, ते आमच्या शेजारच्या काकांचं होतं.

आईने केक कापायला घेतला तेव्हा खाली चौकात ढोलकी वाजली. चर्चच्या तरुण संघाची कॅरल फेरी. गळ्यात पट्ट्याने अडकवलेली पेटी, ढोलकी, टाळ, पुढे पाळकसाहेब. आमच्याकडची भजनं अभंगाच्या, ओवीच्या वळणाची, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या परंपरेतली. टिळक १८९५ साली मुंबईतच बाप्तिस्मा घेतलेले, त्यामुळे आजीला ते जवळजवळ नात्यातले वाटायचे. दुसऱ्या मजल्यावरचे माळकरी आजोबा दरवर्षी टाळ ऐकून बाहेर यायचे आणि ठेका धरायचे. त्या वर्षीही आले.

वीस-पंचवीस माणसं दहा बाय बाराच्या खोलीत आणि गॅलरीत. त्यांना द्यायला काय? चहा, चिवडा आणि केक. आईने भराभर फोडी केल्या. ताटलीत पहिली फोड पडली तशी दादाने माझ्याकडे बघितलं. आत काजू होते. संत्र्याची साल होती, मनुका तर ठासून. रंग काळपट, ओलसर. आणि वास.

रमचा.

आमच्या घरात दारूचा वास म्हणजे काय हे सांगायला हवं. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनालासुद्धा वाइनऐवजी द्राक्षांचा रस. आजी तर खोकल्याच्या औषधाची बाटली डॉक्टरांकडून दोनदा खात्री करून आणायची. आणि इथे पाळकसाहेब ताटली हातात घेऊन, डोळे अर्धे मिटून, शांतपणे खात होते. खाऊन झाल्यावर म्हणाले, "बाई, यंदाचा केक काही वेगळाच झालाय," आणि दुसरी फोड उचलली. आई म्हणाली, "जाळलेली साखर जास्त पडली." बाबांना खोकला आला, ते गॅलरीत कोंबडा बघायला गेले. माळकरी आजोबांनी केकला हात लावला नाही, म्हणाले, अंडं असतं. माझ्या मते त्यांना सगळं कळलं होतं.

मंडळी गेल्यावर आईने डबा उलटा केला. एफ डी एस. अर्ध्याच्या वर केक संपलेला.

पुढचं मला असं आठवतं की आई मटकन खाली बसली आणि बाबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा महिन्यांत ते असे हसलेले मी पाहिले नव्हते. दादाला आठवतं की आई रडली. धाकटीला फक्त कोंबडा आठवतो. तो पहाटे तीनला आरवला, चाळीतल्या चारपाच दारांतून शिव्या आल्या, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी बाबांनी तो एका ओळखीच्या माणसाला पाळायला दिला. दादा आणि मी या बाबतीत मात्र एकमताने गप्प बसतो. पंचवीसला दुपारी रस्सा फार सुरेख झाला होता.

उरलेला केक परत करण्यासारखा नव्हता. जेवणं झाल्यावर आईने डबा घासला, त्यात शंकरपाळी भरली, वर वर्तमानपत्र बांधलं आणि दादाला बेकरीत पाठवलं. ज्यांचा असेल त्यांना द्या म्हणून. दोन दिवसांनी बेकरीतला पोऱ्या डबा परत घेऊन आला. कुणी चौकशीला आलंच नाही. डबा रिकामा होता, शंकरपाळी बेकरीतच संपली असणार. आमचा डबा काही आम्हाला परत मिळाला नाही.

एवढ्या वर्षांत मला त्या दुसऱ्या घराचा विचार किती वेळा आला असेल! रममध्ये महिनाभर भिजवलेला सुका मेवा घालून केलेला केक, आणि नाताळच्या रात्री टेबलावर निघालं काय, तर सहा अंड्यांचा, अर्धा इंच कमी फुगलेला आमचा केक. त्यांनी खाल्ला की टाकला? पाठीवरचं ते मराठी अक्षर कुणी बोटाने वाचलं का? आणि ते बेकरीत विचारायला का आले नाहीत?

यंदा मी हट्टाने त्याच डब्यात केक करायचं ठरवलं. माझ्या ओटीजीत डबा मावत नाही, दोन बोटं मोठा पडतो. म्हणून २३ ला दुपारच्या स्लो लोकलने सामान घेऊन भायखळ्याला गेले. बेकरी आहे अजून, पण भट्टी गेली. यंदा जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनावर यायला सहा महिने दिले, पालिकेच्या नोटिसा निघाल्या. आता तिथे गॅसचा स्टीलचा ओव्हन आहे, दाराला काच. हवेच्या दृष्टीने बरंच झालं, मला दमा आहे, मी कुठल्या तोंडाने रडू? तरी वास नाही म्हटल्यावर मी दारात क्षणभर चुकल्यासारखी उभी राहिले. गल्ल्यावरच्या तरुणाने डबा हातात घेऊन उलटा केला, टिंबांवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ऐसा अब कोई नहीं लाता." पैसे मात्र किलोच्या हिशेबाने पूर्ण घेतले.

काल रात्री जेवणं झाल्यावर केक कापला. रम नाही, संत्र्याचा रस. मग दरवर्षीचं भांडण. ८२ की ८३, बूड कुणी बघायचं होतं, आई रडली की बाबा हसले. मुलं मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती, म्हणजे आम्ही किती जोरात भांडत असू. आई तिच्या खुर्चीत, शाल लपेटून. ८४ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, असं आम्ही धरून चालतो.

ती मध्येच म्हणाली, "डबा दादाच्या हातून घेतला तेव्हाच कळलं होतं मला."

"काय कळलं होतं?"

"आपला नाही ते. केवढा जड होता! मी काय घातलं होतं त्यात, जड व्हायला?"

सगळे गप्प. दादा म्हणाला, "मग तेव्हाच मला परत का नाही पाठवलंस? रात्रीच बदलून आणला असता."

"तुझे बाबा दुसऱ्या दिवशी येणार होते," आई म्हणाली. "चार महिन्यांनी येत होते. म्हटलं, राहू दे." मग थोड्या वेळाने, "रमचं माहीत नव्हतं. ते मात्र देवाशप्पथ माहीत नव्हतं."

"आणि पंचवीसला मला शंकरपाळी घेऊन पिटाळलंस ते?"

"पाळकसाहेबांनी दोन फोडी खाल्ल्या होत्या रे. काहीतरी तर करायला हवं होतं."

आणि तिने ताटली पुढे केली, कडेची फोड हवी म्हणून.