नळाचा पाइप बदलला आणि नळाला करंट येऊ लागला

गेल्या वर्षी आषाढात माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा तिला सातवा महिना सरत आला होता. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत दोघांना कावीळ झाली. त्यांपैकी एक जण शेजारच्या गावी जाऊन माळ बांधून आला आणि दुसऱ्याला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखल करावे लागले. मुलीला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गल्लीतल्या काविळीची गोष्ट ऐकली आणि हातातले पेन खाली ठेवले. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांना महिना-दीड महिन्यात सोडून जाते; मात्र गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यांनी सांगितले. तिला उकळलेलेच पाणी द्या आणि घरचे पाणी तपासून घ्या, एवढेच त्या म्हणाल्या. पाणी तपासतात कुठे, हे मात्र विचारायचे मला सुचले नाही.

आमचे गाव मराठवाड्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. नळाला चौथ्या दिवशी पाणी सुटते, तेही पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान कधीतरी. त्यामुळे गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात नळाला टुल्लू मोटर जोडलेली असते आणि आमच्याकडेही होती. मोटरने ओढलेले पाणी अंगणातल्या हौदात पडे आणि तेथून दुसऱ्या मोटरने गच्चीवरील टाकीत चढवले जाई. वापरासाठी बोअर होताच. नळ आला नाही तर प्यायलाही आम्ही बोअरचे पाणी घेत असू, कारण ते दिसायला काचेसारखे स्वच्छ.

पाणी तपासायचे ठरल्याचा वास कसा लागला कोण जाणे, पण दोन दिवसांत शुद्धीकरण यंत्रांचा विक्रेता दारात उभा राहिला. त्याने दोन पेल्यांत पाणी घेतले, एकात आमच्या बोअरचे आणि दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतले, आणि दोन्हींत लोखंडी सळया असलेले विजेवर चालणारे एक उपकरण बुडवले. मिनिटभरात आमचे पाणी तपकिरी आणि मग हिरवट काळे झाले, वर घाणीचा फेस आला. त्याचे पाणी होते तसेच राहिले. मुलगी तोंडावर पदर धरून आत गेली. मी ज्या शाळेत लिपिक आहे तेथील विज्ञानाच्या सरांनी मला या प्रयोगाबद्दल पूर्वी सांगितले होते, म्हणून मी घरातून चिमूटभर मीठ आणून त्याच्या पेल्यात टाकले आणि पुन्हा करून दाखवा म्हटले. त्याचेही पाणी तसेच काळे झाले. ती घाण पाण्यातली नसते, सळईचे लोखंड विरघळून तयार होते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून ते विरघळते आणि क्षार काढून टाकलेल्या पाण्यात विरघळत नाही. विक्रेत्याने शांतपणे पेले पुसले आणि हप्त्यांची योजना सांगायला सुरुवात केली.

पाण्याची रासायनिक तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते आणि खासगी व्यक्तीलाही ठरावीक शुल्क भरून ती करून घेता येते, हे सरांकडूनच कळले. मी शीतपेयाच्या दोन रिकाम्या बाटल्या धुऊन, त्यांत नळाचे आणि बोअरचे पाणी भरून, शुक्रवारी दुपारच्या एसटीने जिल्ह्याला गेले. ती फेरी संपूर्ण वाया गेली. जैविक तपासणीसाठी निर्जंतुक केलेली बाटली प्रयोगशाळेतूनच न्यावी लागते. त्या बाटलीत पाण्यातला क्लोरीन मारणारे एक रसायन थोडेसे घातलेले असते, म्हणून ती विसळायची नसते. नळाचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घ्यायचे, दोन मिनिटे पाणी सोडून द्यायचे, बाटली गळ्यापर्यंत न भरता वर थोडी जागा ठेवायची आणि बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत, पोहोचवायची. शिवाय जंतू वाढवून पाहायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याच्या अखेरीस नमुना आणण्यात अर्थ नसतो. तेथील बाईंनी हे सगळे न चिडता सांगितले आणि एक प्रश्न विचारला, जो माझ्या डोक्यातच आला नव्हता: नमुना नेमका कुठला घेणार? नळाचा म्हणजे मोटर लावण्याआधीचा, मोटरमधून आलेला, की हौदातला?

पुढच्या पाण्याच्या दिवशी, मंगळवारी पहाटे, मी चार ठिकाणचे नमुने घेतले. पहिला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सार्वजनिक नळाचा, दुसरा आमच्या मोटरमधून येणाऱ्या पाण्याचा, तिसरा हौदाचा आणि चौथा बोअरचा. सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेतली ऑर्थोटोलिडिनची कुपी दिली होती, जिला पाणीपुरवठ्यातले लोक ओटी म्हणतात. सार्वजनिक नळाच्या पाण्यात तिचे थेंब टाकताच पाणी पिवळे झाले, म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक होता. तेथून चाळीस पावलांवर, त्याच वेळी, त्याच वाहिनीवरून आमच्या मोटरमधून आलेल्या पाण्यात थेंब टाकले तर रंगच आला नाही. बॅटरीच्या उजेडात मी दोन्ही परीक्षानळ्या शेजारी धरून बराच वेळ पाहत राहिले.

अहवाल शुक्रवारी मिळाला. सार्वजनिक नळाच्या पाण्यात ई-कोलाय हे जंतू नव्हते, आमच्या मोटरच्या आणि हौदाच्या पाण्यात होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, 100 मिलिलीटर पाण्यात ते अजिबात आढळता कामा नये, कारण ते विष्ठेतूनच येते. बोअरच्या काचेसारख्या पाण्यात जंतू नव्हते, परंतु नायट्रेट लीटरला 78 मिलिग्रॅम होते. त्याची मर्यादा 45 आहे आणि दुसरा स्रोत नसला तरी त्यात सवलत दिलेली नाही. आमच्या गल्लीत घरोघरी शोषखड्डे आहेत, भुयारी गटार नाही. ते नायट्रेट बहुधा त्यातूनच झिरपत असावे. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटते म्हणून थोडे वाढते, आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होऊन बाळ निळे पडू शकते. जवळजवळ महिनाभर मी मुलीला बोअरचेच पाणी उकळून देत होते, नळापेक्षा चांगले म्हणून.

आता नगरपरिषदेकडे तक्रार करायची तर एक अडचण होती. वाहिनीतले पाणी चांगले आहे आणि आमच्या घरात येताना खराब होते, हे लिहायचे म्हणजे आम्ही नळाला मोटर लावतो हेही लिहायचे, आणि नळजोडणीला थेट मोटर लावण्यास बंदी आहे. ह्यांचे म्हणणे होते की तोंडी सांगावे, कागदावर येऊ नये. तोंडी सांगून अकरा दिवस कोणी आले नाही. शेवटी मी अहवालाची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, मोटरचा उल्लेख करून, आणि आवक क्रमांक घेतला. चौथ्या दिवशी अभियंता आणि नळ कारागीर असे दोघे आले. रागावण्याऐवजी अभियंता म्हणाले, “बाई, मोटर सगळेच लावतात, लिहून देणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

आमची सर्व्हिस लाइन, म्हणजे रस्त्यातल्या मुख्य वाहिनीला जोड घेतात त्या फेरूलपासून घरापर्यंतचा लोखंडी पाइप, सत्तावीस वर्षांपूर्वीची होती आणि ती गटार आडवे ओलांडून येत होती. कारागिराने गटारातला गाळ बाजूला सारला, पाइप पुसला आणि तळहाताएवढा प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा त्यावर धरून मला मोटर सुरू करायला सांगितले. मोटर सुरू होताच तो तुकडा पाइपाला चिकटला आणि एका ठिकाणी खळगा पडून आत ओढला गेला. बंद केल्यावर गळून पडला. पाणी जोरात असते तेव्हा अशा छिद्रातून पाणी बाहेर गळते. मोटर ओढू लागली की दाब उलटतो आणि छिद्राबाहेर जे असेल ते आत येते. आम्ही चौथ्या दिवशी पहाटे उठून, विजेचे बिल भरून, गटार पीत होतो.

पाइप बदलण्याची परवानगी मिळवणे हे काम कंटाळवाणे होते, अवघड नव्हते: पाणीपट्टी बाकी नसल्याचा दाखला, रस्ता खोदाईचे शुल्क आणि परवानाधारक कारागिराची सही. गटारातून न नेता पुलाजवळून वळसा घालून काळा प्लास्टिकचा एचडीपीई पाइप टाकला. हौदाचे तोंड जमिनीलगत असल्याने मोटरशिवायही त्यात पाणी पडू लागले, फक्त हळू. हौद साफ करणाऱ्या मुलाला मी आधी दोन्ही झाकणे उघडून अर्धा दिवस थांबायला लावले, कारण बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो आणि उतरलेला माणूस वर येत नाही. त्याने क्षारांचे थर काढायला ॲसिड आणले होते आणि लगेच त्यावर टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकणार होता. या दोहोंच्या संयोगातून विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून ॲसिडची बाटली मी परत पाठवली आणि भिंती ब्रशनेच घासून घेतल्या.

सगळे झाले असे वाटून मी निर्धास्त झाले होते, आणि आठ दिवसांनी मुलगी मोरीतून ओल्या हाताने बाहेर आली ती हात झाडतच. नळाला हात लावला की मुंग्या येतात, असे ती म्हणाली. मी स्वतः हात लावून पाहिला, जे मुळीच करायला नको होते, आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. त्या वेळी गच्चीवर पाणी चढवणारी मोटर चालू होती. ती बंद करताच नळ शांत झाला.

वायरमनने मोटरमागची भिंत पाहिली आणि हसला. घर बांधले तेव्हा अर्थिंगचा खड्डा घेतलाच नव्हता. त्या काळी सर्रास करत तसे, अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली होती. सत्तावीस वर्षे मोटरमधून झिरपणारी वीज त्या पाइपाने जमिनीत जात राहिली. आम्ही जमिनीतला पाइप प्लास्टिकचा केला, तेव्हा विजेची ती वाट बंद झाली. घरातला पाइप मात्र लोखंडीच राहिला आणि तार त्यालाच बांधलेली, त्यामुळे मोटरची वीज आता घरातल्या प्रत्येक नळाच्या तोटीत येऊन थांबत होती, कोणीतरी ओल्या पायाने हात लावण्याची वाट पाहत. पाइप टाकणाऱ्याने वीज पाहिली नाही, वायरमनला पाइप बदलल्याचे कोणी सांगितले नाही, आणि मी तर दोन्ही कामांची बिले एकाच वहीत लिहीत होते.

त्याच दिवशी अंगणात खड्डा घेऊन स्वतंत्र अर्थिंग केले, मोटरची जुनी तार बदलली आणि मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, जो गळती होताच क्षणार्धात वीज तोडतो. बसवल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत त्याने तीन वेळा वीज तोडली. ह्यांनी तो काढून टाका म्हटले. वायरमनने एकेक उपकरण बाजूला करत शोधले तेव्हा पाणी तापवायच्या रॉडमध्ये गळती निघाली, जो मी रोज बादलीत सोडत असे. रॉड भंगारात गेला.

पुन्हा घेतलेल्या नमुन्यात ई-कोलाय आढळले नाही. तरीही नळाचे पाणी आम्ही उकळूनच पितो, बोअरचे प्यायचे बंद केले आहे आणि शुद्धीकरण यंत्र घेतले नाही. नातू भाद्रपदात झाला.

या उन्हाळ्यात नवीन पाणीपुरवठा योजनेत आमच्या संपूर्ण गल्लीचे लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकायचे काम सुरू झाले. खोदाई आमच्या घराच्या अलीकडे पोहोचण्याआधी मी अकरा घरी जाऊन तुमचे अर्थिंग कुठे आहे, एवढेच विचारून आले. सात घरांत तार नळाच्या पाइपालाच बांधलेली निघाली. त्यांतल्या दोघांकडे वायरमन रविवारी येणार आहे, तिघे पाहू म्हणाले, आणि उरलेल्या दोन घरांत पुरुष माणूस घरी नव्हते म्हणून मला संध्याकाळी परत जायचे आहे.