नळ आला

लातूरला येऊन चार दिवस झाले, पण माझी झोप अजून जर्मनीत, ड्रेस्डेनलाच आहे. इथे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा तिथे रात्रीचे साडेअकरा. आईला याचं जराही वाईट वाटलेलं नाही. उलट पहिल्याच रात्री म्हणाली, "जागीच राहायलीस तर नळाकडं ध्यान ठेव. आज-उद्या सुटंल पाणी." आणि पाठ टेकताच घोरायला लागली. परदेशी शिकायला गेलेल्या मुलीचा घराला झालेला हा पहिला उपयोग.

आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. वेळ त्याची, मर्जी त्याची. भिंतीत रुतवलेला, जागचा हलत नाही, तरी आपण त्याला 'आला' म्हणतो, 'गेला' म्हणतो, पाहुण्याची बघावी तशी वाट बघतो. ड्रेस्डेनहून आईला फोन केला की "जेवलीस का"च्या आधी मी "नळ आला का" विचारायचे. माझी रूममेट तिकडचीच, सॅक्सनीची. तिला हे तीन शब्द ऐकून ऐकून पाठ झाले. एकदा तिने अर्थ विचारला आणि मी माझ्या कच्च्या जर्मनमध्ये शब्दाला शब्द लावून सांगितलं. आता जर्मनमध्ये नळालाही 'हान' म्हणतात आणि कोंबड्यालाही 'हान'च. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिला बरेच दिवस वाटत होतं की भारतात आमच्या घरी दहा दिवसांतून एकदा एक कोंबडा येतो आणि माझी आई त्याच्यासाठी रात्रभर जागते. तिने पुढे काही विचारलं नाही. बहुतेक धार्मिक बाब समजून गप्प बसली असावी.

तिथल्या वसतिगृहात आम्ही सहाजण मिळून एक स्वयंपाकघर वापरतो. पहिल्या रात्री मी झोपायच्या आधी तिथली दोन पातेली, एक किटली आणि कुणाचा तरी सॅलडचा वाडगा, सगळं भरून ठेवलं. हे काही ठरवून केलं नाही. निजायच्या आधी भांडी भरलेली आहेत ना एवढं बघायची हाताला सवय. सकाळी एकाने ते पाणी ओतून दिलं आणि रात्री मी पुन्हा भरलं. असं आठवडाभर चाललं. शेवटी टेबलावर चिठ्ठी दिसली: हे पाणी कशाचं आहे? मी खाली लिहिलं, पिण्याचं. त्यावर कुणीतरी बाण काढून नळाकडे दाखवला होता.

आणि तो नळ! उघडला की पाणी. दुपारी दोनला पाणी, पहाटे चारला पाणी, रविवारी सगळी दुकानं बंद असतानाही पाणी. तेच प्यायचं, गाळायचं नाही, तुरटी फिरवायची नाही. साबणाला फेस तर इतका, की आमच्या बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या माझ्या केसांना लाज वाटावी. पण हेच लोक पाणी विकत आणतात! त्यांना बुडबुड्यांचं लागतं. काचेच्या बारा बाटल्यांचा क्रेट, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, धापा टाकत. रिकामा क्रेट परत केला की अनामतीचे ३ युरो ३० सेंट मिळतात, म्हणून उतरतानाही ओझं. रूममेटला तसं जिन्यात बघितलं की मला आमच्या गल्लीतल्या बायकांचे डोक्यावरचे हंडे आठवायचे. घरात विहीर असून ही बाई पाणी वाहते, हे आजीला सांगितलं असतं तर तिने त्या मुलीची दृष्ट काढायला लावली असती.

मी मात्र त्या नळाने बिघडले. दोन महिने भांडी घासताना धार मोठी सोडून, वर गाणं म्हणत, एकेक चमचा विसळत बसायचे. एकदा रूममेट मागून आली, काही न बोलता हात पुढे करून नळ बंद केला आणि म्हणाली, "पाणी वाया चाललंय." लातूरच्या पोरीला! मला आधी राग आला, मग कानापर्यंत शरम. आमच्याकडे दोन घमेल्यांत भांडी होतात. एकात घासायची, दुसऱ्यात विसळायची, विसळलेलं पाणी कुंड्यांना. तिची तऱ्हा याहून कडक. सिंकला बूच लावायचं, फेसाळ पाणी भरायचं, त्यात ताट बुडवायचं आणि फेसासकट सुकत ठेवायचं. विसळणं नाहीच. काटकसर मान्य, पण साबण पोटात जातो त्याचं काय? यावर आमचा तह झालेला नाही.

हिशेब लागला तो नंतर, एका लेक्चरमध्ये. जर्मनीत माणशी रोज साधारण सव्वाशे लिटर पाणी लागतं असं प्राध्यापक सांगत होते आणि मी वहीच्या मार्जिनमध्ये भागाकार करत होते. २०१६च्या दुष्काळात मी लातूरला सातवीत होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. भांडणं होऊ नयेत म्हणून. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. बाबा स्टेशनवर जाऊन बघून आले होते. वऱ्हाड उतरवून आल्यासारखे सांगत होते. पाच लाख भागिले सव्वाशे, चार हजार. म्हणजे आमची अख्खी गाडी चार हजार जर्मनांना एक दिवस पुरली असती. मी ते मार्जिन खोडून टाकलं. पुढच्या बाकावरचा वळून बघत होता.

त्या शरदात रूममेट मला सीमेपलीकडे चेकियातल्या डेचिनला घेऊन गेली. एल्ब नदी तिकडूनच ड्रेस्डेनला येते. तिथे काठाला एक मोठा धोंडा आहे, दुष्काळाचा दगड. पाणी खाली गेलं की उघडा पडतो. त्यावर कोरड्या सालांचे आकडे खोदलेत, १६१६ सुद्धा, आणि जर्मनमध्ये एक ओळ: मला पाहशील तर रड. तिने ती वाचून दाखवली आणि थोडी गंभीर झाली. पण वरच्या अंगाला धरणं झाल्यापासून तो दगड वर्षातले बरेच दिवस उघडाच असतो, त्यामुळे रडत कुणी नाही. आम्हीही सेल्फी काढला. कुणीतरी मागाहून चेकमध्ये उत्तरही खोदलंय: पोरी, रडू नको, कण्हू नको, कोरडं पडलं तर शेताला पाणी शिंप. आजी असती तर म्हणाली असती, "शिंपायला आणायचं कुठून रे मेल्या?"

आमच्याकडे असा दगड नाही. आम्ही पेपरात लातूरला पाणी देणाऱ्या धनेगावच्या धरणाचा आकडा बघतो. मृतसाठा हा शब्द मला तिसरीत माहीत होता.

आज रात्री तीन वीसला मोरीतल्या नळाने घसा खाकरला. आधी नुसती हवा, खर्र खर्र, मग गंजाचं लाल पाणी, मग धार. मी जागी होते, कान लावून होते, तरी आई माझ्याआधी अंगणात पोहोचली होती. झोपेत तिला कसं कळतं देव जाणे. तिने पाईप टिपाडात सोडला. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "सुटलं का वो?" आणि लगेच दुसरा, "कुणी मोटर लावू नका आत्ताच, धार तुटायली!" लावणारीने अर्थातच लावली होती. घरोघरी दिवे लागले. शिळं पाणी तुळशीला गेलं, हंडे उलटे होऊन सुलटे झाले.

मी फोनवर ती खरखर टिपून ठेवली होती, ती रूममेटला पाठवली. तिकडे बारा वाजायला आले होते, पण ती जागी होती. उत्तरात कोंबड्याचं चित्र आलं, आणि खाली तिने स्वतः, देवनागरीत, वेलांट्या-मात्रा न चुकवता लिहिलं होतं: नळ आला का?

मी 'आला' टाइप करत होते, तेवढ्यात आई ओरडली, "फोन ठेव गं, टिपाड सांडायलंय!"